भाड्याची मोटार आणि सुर्ल्याचा तंबोरा

"मोटार केवढी हवी?" पणजीतल्या त्या भाड्याने गाड्या देणाऱ्या गृहस्थाने विचारले, तेव्हा मी दोन्ही हात पसरून दाखवले. माझ्या खांद्यावर गुंडाळलेली गादी होती. त्याला वाटले, गोव्यात येऊन मोटारीत झोपणाऱ्यांपैकीच हा कोणी असावा.

मला आणायचा होता वडिलांचा तंबोरा. मिरजेचा, पाच फुटी. कोल्हापूर दरबारच्या गवयांमागे तंबोऱ्यावर बसता बसता वडील स्वतः गाऊ लागले, आणि दरबारच्या पटावर त्यांचे नाव चढते न चढते तोच १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे उरल्या त्या शिकवण्या. गोवा १९६१ च्या अखेरीस मोकळा झाल्यावर ते डिचोली तालुक्यातल्या सुर्ला गावी एका घरी दरसाल दोन महिने शिकवायला जात. एके वर्षी "आता पुढल्या खेपेस" म्हणून तंबोरा तिथेच ठेवून आले, आणि ती पुढली खेप काही घडली नाही. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. हा तंबोरा मला केवळ ऐकून ठाऊक. आता त्या घरच्या शिष्येचे, म्हणजे आक्कांचे वय ऐंशीच्या पुढे गेले आहे. त्यांचा निरोप आला, "इथे तारा लावून देणारा कुणी उरला नाही. तुमची वस्तू तुम्ही घेऊन जावी."

तंबोरा एस.टी.तून आणणे म्हणजे अंडी गोणीत घालून आणण्यासारखे आहे. त्याचा भोपळा हा खरोखरीचाच भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतला, वाळवून कोरलेला. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण मानांकनाने भोपळ्याची साल जाड होत नाही. तेव्हा मोटार हवी, आणि तीही अशी की पुढची डावी बैठक आडवी केल्यावर भोपळा मागे गादीत बसावा आणि दांडी पुढे निवांत पडावी.

अशी ऐसपैस मोटार हल्ली सहज मिळत नाही. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांहून आखूड, लहान इंजिनाच्या मोटारींवरचे उत्पादनशुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आले, आणि कारखानदारांनी डिकीवाल्या गाड्यांची शेपटे शिंप्यासारखी कापली. मला मिळाली ती साडेचार मीटरांहून लांब. आम्हां कोल्हापूरकरांना लांब मोटार म्हणजे दसऱ्याला निघणारी महाराजांची मेबॅक. ती पाहायची असते, हाकायची नसते.

या गाडीची पाटी काळी आणि तिच्यावर आकडे पिवळे. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिलेल्या गाडीची ही कायद्याची खूण आहे. चालकासह येणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी नि आकडे काळे. पण गोव्यात या काळ्या पाटीचा दुसराही एक अर्थ आहे: हा पाहुणा, याला रस्ता ठाऊक नाही, याच्यापासून जपून. फोंतेन्हासच्या गल्लीत मी चुकून शिरलो, तेव्हा समोरचा स्कूटरवाला काही न बोलता थांबला, पाटीकडे पाहिले आणि आपणच मागे गेला. संगीतशिक्षकाला अशी करुणा सोसवत नाही. एकच उपकार मानायचा: पोर्तुगालने १९२८ साली वाहने रस्त्याच्या उजवीकडून हाकायचे ठरवले, तेव्हा शेजारच्या ब्रिटिश हिंदुस्थानामुळे गोवा डावीकडेच राहिला. नाहीतर माझी गत काय झाली असती कोण जाणे.

पणजी-रायबंदरचा १६३३-३४ सालचा सुमारे तीन किलोमीटरांचा बांध ओलांडून जुने गोवे, बाणस्तारी, माशेल आणि मग आमोण्याच्या पुलावरून मांडवी पार केली की डिचोली तालुका. इथे मातीचा रंग पालटतो. हा लोहखनिजाचा मुलूख. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या खाणी थांबवल्या, २०१८ साली ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यापूर्वी या रस्त्यांवर खनिजाच्या ट्रकांची माळ तुटत नसे म्हणतात.

आक्कांच्या अंगणात मोटार मावली नाही. तिचे तोंड आत आणि शेपूट रस्त्यावर.

मी पाया पडायला वाकलो, तर त्याच आधी वाकल्या. "गुरुपुत्र तुम्ही," म्हणाल्या. त्यांच्याहून तीस-पस्तीस वर्षांनी लहान असलेल्या माझ्याशी त्या शेवटपर्यंत अहो-जाहोनेच बोलल्या. तंबोरा पुसून, तारा चढवून ठेवला होता. प्रवासापूर्वी तारा उतरवाव्यात म्हणून मी खुंटीला हात घातला, तशा म्हणाल्या, "राहू द्या. आधी मला त्याच्यासंगे गावात एक फेरी मारा. गुरुजी हा घेऊन आले तेव्हा खनिजाच्या ट्रकातून आले होते. भोपळा मांडीवर, अंगभर तांबडी धूळ. आता मोटारीतून मिरवू दे त्याला."

त्या मागे बसल्या, भोपळ्यावर हात ठेवून. "सवकास चलयात," एवढीच सूचना. पहिल्या गतिरोधकावर चारही तारा आपसूक झणकारल्या. दुसऱ्यावर पुन्हा. आक्का म्हणाल्या, "पंचम उतरला." खरेच उतरला होता. मग त्या झणत्कारात त्यांनी षड्ज लावला. आवाज थकलेला, पण तो षड्ज खालून, किंचित वाट पाहायला लावून यायचा. तसा मी फक्त वडिलांचा ऐकला होता, आणि तोही लहानपणी, भिंतीपलीकडून. वडील गेले तेव्हा त्यांची एकही ध्वनिफीत घरात नव्हती. इतकी वर्षे मी शाळेत मुलांना 'सा' लावायला शिकवतो. तो माझा नाही आणि वडिलांचाही नाही, हे मला तिथे, भाड्याच्या मोटारीत, दुसऱ्या गिअरमध्ये कळले.

कळले तेव्हा वळण निघून गेले होते. डाव्या दाराने चिऱ्यांचा गडगा लांबवर खरवडला. दोन पोरे धावत आली, मोटारीला मागे घ्यायला ओरडून ओरडून तालासकट मदत केली. आक्कांनी आधी भोपळा चाचपला, मग मला विचारले, "तुम्हांला लागले नाही ना?"

घरी परतल्यावर चहा झाला. तंबोरा मोटारीत होता, सरळ निघायचे एवढेच बाकी होते. मी विचारले, "आक्का, हा गेल्यावर तुम्ही कशावर गाणार?" त्यांनी पदर सारखा केला. "आता कोण गाते," म्हणाल्या. अर्ध्या घटकेपूर्वी कोण गात होते, ते मी विचारले नाही. तंबोरा उचलून माजघरात नेला, गादीसकट. पंचम पुन्हा चढवून दिला.

पणजीत गाडी परत करताना त्या गृहस्थाने डाव्या दारावर बोट फिरवले आणि अनामत रकमेतून भरभक्कम पैसे कापून घेतले. तीन बोटे रुंदीच्या ओरखड्याला एवढे? मी हुज्जत घातली. फळ आले नाही. पावती देता देता त्याने मागच्या रिकाम्या बैठकीकडे पाहून विचारले, "गादी विसरलात का?"

आता महिन्यातून एका शनिवारी मी बसने सुर्ल्याला जातो. आक्का शिकवतात, मी मागे बसतो, तंबोऱ्यावर.