राहत्या घरांतील विजेच्या तारा बदलण्यास किती दिवस लागतात?

अंकगणिताच्या तासाला आपण त्रैराशिकाचीं उदाहरणें सोडवितों. चार गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर आठ गवंडी किती दिवसांत बांधतील? उत्तर चार दिवस असें येतें व पुस्तकापुरतें तें बरोबर असतें. परंतु ज्या घरांत माणसें राहात आहेत, रोज दोन वेळां स्वयंपाक होत आहे, कोणी वृद्ध माणूस अंथरुणावर आहे आणि मुलांची परीक्षा जवळ आली आहे, अशा घरांतील विजेच्या जुन्या तारा काढून नव्या घालावयाच्या झाल्या, म्हणजे हें सरळ त्रैराशिक लागू पडत नाहीं. तें कां पडत नाहीं व त्याऐवजीं हिशेब कसा करावा, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम, तारा बदलाव्या तरी कां? मुंबईस वीज व ट्रॅम पुरविणारी बी. ई. एस. टी. कंपनी १९०५ सालीं स्थापन झाली आणि टाटांचें खोपोली येथील जलविद्युत्केंद्र १९१५ सालीं सुरू झालें. त्या काळच्या घरांत दिवे व फार तर एखादा पंखा, एवढाच विजेचा उपयोग असे. तारांवर रबराचें वेष्टन असून त्या लाकडी पट्टींतून भिंतीवरून नेलेल्या असत. रबर कालांतरानें कडक होऊन तडकतें व आंतील तांबें उघडें पडतें. शिवाय पुष्कळ जुन्या घरांत जमिनीस जोडणारी तिसरी तार, म्हणजे अर्थिंग, सर्व ठिकाणीं नसते. आतां विजेचा भार पहा. ६० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारें पाव अँपिअर प्रवाह घेतो. २००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो. म्हणजे एक गिझर तेहतीस दिव्यांच्या बरोबरीचा झाला! प्रवाह दुप्पट झाला कीं तारेंत उत्पन्न होणारी उष्णता चौपट होते, हा पदार्थविज्ञानांतील नियम विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. तेव्हां दिव्यांकरितां घातलेल्या तारेवर गिझर चालविणें म्हणजे भिंतींत निखारा जपून ठेवण्यासारखेंच आहे.

असें असूनही लोक हें काम वर्षानुवर्षें पुढें ढकलतात. खर्च हें एक कारण खरें, परंतु "घर किती दिवस उलटेंपालटें राहील?" या प्रश्नाचें विश्वसनीय उत्तर कोणी देत नाहीं, हेंही कारण तितकेंच मोठें आहे. "आठवड्यांत उरकतों" असें सांगून जो महिना लावतो, तो घरच्यांचा विश्वास गमावतो. आणि विश्वास गेला कीं घाई सुरू होते. विजेच्या कामांत घाईइतका वाईट सोबती दुसरा नाहीं.

हिशेबाचें पहिलें सूत्र असें कीं, घराचें क्षेत्रफळ न मोजतां पॉईंट मोजावे. प्रत्येक दिवा, पंखा व प्लग हा एक पॉईंट. उदाहरणादाखल पुण्याच्या एखाद्या पेठेंतील जुनें घर कल्पूं. बाहेरच्या खोलींत १०, दोन निजावयाच्या खोल्यांत मिळून १६, स्वयंपाकघरांत ८, न्हाणीघर व शौचकूप यांत ४, जिना व बोळ यांत ४. एकूण ४२ पॉईंट झाले.

दुसरें सूत्र, तारा भिंतीवरून न्यावयाच्या कीं भिंतींतून, हें आधीं ठरवावें. भिंतीवर प्लॅस्टिकची पट्टी बसवून तिच्यांतून तारा नेणें सोपें व जलद. भिंतींतून न्यावयाच्या तर छिन्नीनें झिरी पाडावी, नळी बसवावी, गवंड्यानें गिलावा करावा, तो कांहीं दिवस ओला ठेवून वाळूं द्यावा, आणि शेवटीं रंगारी बोलवावा. जुन्या वाड्यांच्या माती-चुन्याच्या भिंतींना छिन्नी लागली कीं बोटभर झिरीऐवजीं हातभर पोपडा निघतो. अशा घरास पट्टीच बरी, असें आमचें मत आहे.

आतां समजा कीं, एक वायरमन व एक मदतनीस मिळून रिकाम्या घरांत रोज आठ तास काम करून पट्टीचे ७ पॉईंट पुरे करतात. तर ४२ पॉईंटांस ६ दिवस, मुख्य बोर्ड व अर्थिंग यांस १ दिवस, आणि तपासणीस १ दिवस. एकूण ८ दिवस झाले. येथपर्यंत त्रैराशिक ठीक चाललें.

परंतु घर रिकामें नाहीं. सकाळीं घरच्यांचीं स्नानें व स्वयंपाक आटोपेपर्यंत थांबावें लागतें. मग कपाट सरकवावयाचें, अंथरुणें उचलावयाचीं, सामानावर चादरी घालावयाच्या. सायंकाळीं धूळ झाडावी लागते. प्रत्येक उघडें टोक बंद करून रात्रीपुरते दिवे चालू करून द्यावे लागतात. यांत रोज अडीच तास गेले असें धरूं. आठांतून साडेपांच उरले. सहा दिवसांचे ४८ तास भागिले साडेपांच, म्हणजे जवळ जवळ ९ दिवस. बोर्ड व अर्थिंग यांचा १ दिवस. आणि जुना प्रवाह तोडून नवा जोडणें एकेका खोलीचें करावें लागत असल्यामुळें त्यास तपासणीसह २ दिवस. बेरीज १२ झाली. जुन्या भिंतीमागें काय निघेल याचा नेम नसतो. कोठें कुजलेली तुळई, कोठें ओल, कोठें कोणीं तरी मध्येंच जोडलेली तार. त्याकरितां ३ दिवस राखून ठेवावे. तेव्हां घरच्यांस "बारा ते पंधरा दिवस" असें सांगणें हेंच प्रामाणिकपणाचें होय. भिंतींतून तारा न्यावयाच्या असून कामाचा वेग निम्मा धरला, तर याच रीतीनें २१ दिवस येतात, व गिलावा आणि रंग यांचे दिवस त्याहून निराळे.

कोणी म्हणेल, माणसें दुप्पट लावा. परंतु घरच्यांना बसावयास एक खोली, स्वयंपाकास एक जागा मोकळी ठेवावीच लागते. एका स्वयंपाकघरांत चार कारागीर शिरले तर ते एकमेकांच्या कोपरांनाच लागतील. राहत्या घरांत कामाचा वेग मोकळ्या जागेवर ठरतो. माणसांच्या संख्येवर नव्हे.

दिवस वाचवावयाचे असतील तर ते क्रमानें वाचवावे. नवा बोर्ड व अर्थिंग आधीं व्हावें. नव्या तारा जुन्यांच्या शेजारून न्याव्या, म्हणजे जुना प्रवाह शेवटपर्यंत चालू राहतो. वीज कोणत्या वेळीं बंद राहील हें आदल्या रात्रीं सांगावें, म्हणजे गृहिणीस पंप लावून पाणी भरून ठेवतां येतें. फ्रीजचें दार न उघडल्यास आंतील थंडी साधारण चार तास टिकते. एकेका खोलीची जोडणी तेवढ्या वेळांत बसवावी. परीक्षेचे व सणांचे दिवस टाळावे. पावसाळाही शक्यतों टाळावा, कारण भिंती दमट असतां तपासणीचे आंकडे भरंवशाचे येत नाहींत.

एक दिवस मात्र कोणत्याही सबबीवर कापूं नये, तो तपासणीचा. ५०० व्होल्टच्या मेगरनें तारांच्या वेष्टनाचा रोध मोजावा. तो निदान १ मेगओहम भरला पाहिजे. अर्थिंग पाहावें, आणि ३० मिलिअँपिअर प्रवाह गळूं लागतांच वीज तोडणारा स्विच खरोखर तुटतो कीं नाहीं हें दाबून पाहावें. हें काम परवानाधारक कंत्राटदाराकडूनच करवावें, असा कायदाही आहे. विद्यार्थ्यांनीं तारांस हात लावूं नये. पॉईंट मोजून वहींत मांडणें व वडिलांस हिशेब करून दाखविणें, एवढें मात्र त्यांनीं अवश्य करावें. ज्या घरांत पंधरा दिवसांची तयारी करून पंधरा दिवस काढले जातात, तेथें तपासणीचा दिवस कापण्याचा मोह सहसा कोणास होत नाहीं. आणि त्या एका दिवसावर घरांतील सर्वांचा जीव अवलंबून असतो.