माती वाळताना फुगते का? लेन्सवरच्या रिंगची गोष्ट

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत काळ्या मातीच्या आकुंचनाचा अभ्यास चालू होता. पद्धत साधी होती. ओली माती स्टीलच्या उथळ थाळीत पसरायची, वर स्टँडला कॅमेरा खाली तोंड करून बसवायचा आणि दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र घ्यायचे. वाळताना काळी माती आकसते, तिला भेगा पडतात, हे विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्याही शाळकरी मुलाला ठाऊक असते. आमच्या छायाचित्रांत मात्र पहिला तासभर माती चक्क फुगत होती!

दोन दिवस आम्ही मातीतल्या क्षारांबद्दल तर्क लढवले. मग एका विद्यार्थिनीने माती सोडून थाळीची कड मोजली. थाळीही फुगत होती. दोष मातीचा नव्हता, लेन्सचा होता. लेन्सचा पुढचा भाग स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकत होता, झूमची रिंग त्याबरोबर आपोआप फिरत होती आणि प्रतिमा मोठी होत होती. तासाभरात लांबीत ३ टक्के, म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ ६ टक्के वाढ. मातीचे तेवढ्या वेळातले खरे आकुंचन याहून कमी असल्याने ते पार झाकले गेले. ही लेन्स माझ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढ्या किमतीची होती, हेही सांगून टाकतो.

इतक्या महाग वस्तूची रिंग घसरावी कशी? हे समजायला घसरगुंडी पुरेशी आहे. उतार कमी असेल तर मूल बसल्या जागी बसून राहते. उतार वाढवत नेला की एका कोनाला ते घसरू लागते. त्या कोनाचा टॅन्जंट म्हणजे घर्षणांक. मळसूत्र म्हणजे दंडगोलाला गुंडाळलेला उतारच. जीपच्या स्क्रूजॅकचा उतार इतका थोडा असतो की गाडीच्या वजनाने तो उलटा फिरत नाही.

झूम लेन्समध्ये मळसूत्राऐवजी नळीत कापलेली तिरकी खाच असते आणि तिच्यातून एक खुंटी सरकते. समजा, रिंग पाव फेरा फिरवली की पुढचा भाग ४० मिमी पुढे येतो आणि नळीचा व्यास ६० मिमी आहे. पाव फेऱ्याचा कंस सुमारे ४७ मिमी. म्हणजे उताराचा टॅन्जंट ०.८५, कोन सुमारे ४० अंश. ग्रीस लावलेल्या धातूंचा घर्षणांक ०.१ ते ०.२ एवढाच असतो, म्हणजे ढोबळमानाने १० अंशांच्या आसपासच घसरण सुरू व्हायला हवी. तेव्हा अशी लेन्स खाली झुकवल्यावर घसरणे हेच नैसर्गिक आहे. ती जागच्या जागी राहते ती घट्ट ग्रीसमुळे, घर्षणासाठी मुद्दाम घातलेल्या पट्टीमुळे किंवा कुलपाच्या खटक्यामुळे. वापराने ही पट्टी झिजते. आमच्या लेन्सला खटका नव्हता. विक्रेत्याने सांगितले, "हे मर्यादेत आहे." कोणाच्या मर्यादेत, ते सांगितले नाही.

फोकसच्या रिंगची गोष्ट निराळी. ५० मिमी नाभीय अंतराची साधी लेन्स घ्या. अनंत अंतरावरून अर्ध्या मीटरवर फोकस आणायचा तर भिंगाच्या सूत्रानुसार ती सुमारे ५.५६ मिमी पुढे यायला हवी. (शिक्षकांनी हे गणित नववी-दहावीच्या वर्गात जरूर करून घ्यावे.) हे सगळे अर्ध्या फेऱ्यात बसवायचे, म्हणजे एका फेऱ्याला ११ मिमी. एकेरी आट्यांनी हे करायचे तर आटा फारच खोल आणि जाड होईल. म्हणून अनेक बारीक आटे शेजारी शेजारी सुरू केलेले असतात. लोणच्याच्या बरणीचे झाकण पाव फेऱ्यात उघडते, तेही याच युक्तीने. इथे उतार ४-५ अंशांचाच असल्याने लेन्स सहसा घसरत नाही. पण दुसरे दुखणे येते, ते म्हणजे आट्यांमधला खेळ, ज्याला कारागीर 'प्ले' म्हणतात.

स्क्रूगेज वापरणाऱ्यांना हा खेळ माहीत आहे. फिरवण्याची दिशा बदलली की स्क्रू थोडा फिरतो, पण पुढे-मागे सरकत नाही. आता आपल्या लेन्सचा हिशेब पाहा. रिंग एक अंश फिरली की भिंग ०.०३१ मिमी सरकते. २ मीटरवरच्या वस्तूवरून २.१ मीटरवरच्या वस्तूवर जाण्यासाठी भिंग ०.०६३ मिमी सरकावे लागते, म्हणजे रिंग दोनच अंश फिरवावी लागते. ६० मिमी व्यासाच्या रिंगवर दोन अंश म्हणजे बोटाखाली जेमतेम १ मिमी. रिंगमध्ये एवढा खेळ असेल आणि आकड्यांवर विसंबून फोकस लावला, तर माणसाच्या नाकाऐवजी कानावर फोकस जाऊ शकतो. चित्रपटात सहायक खुणांवर रिंग फिरवूनच फोकस बदलतो. म्हणून सिनेमाच्या लेन्समध्ये रिंग बरीच लांब, कधीकधी ३०० अंशांपर्यंत, फिरते आणि खेळ जवळजवळ शून्य ठेवावा लागतो. त्यांच्या किमतीत या यंत्रकामाचा वाटा मोठा असतो.

मात्र प्रत्येक खुळखुळ हा दोष नसतो. रिंग सैल असली तरी आतले भिंग पक्के असेल आणि आपण डोळ्याने पाहून फोकस लावत असू, तर छायाचित्र बिघडत नाही. भिंगच डुगडुगत असेल तर मात्र रिंग कितीही मऊ फिरो, उपयोग नाही. हे ओळखण्यासाठी वर्तमानपत्राचे पान टेबलावर तिरके ठेवून एका ओळीवर आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने रिंग फिरवत फोकस लावावा. दोन्ही वेळी रिंगवर पेन्सिलीने खूण करावी. दोन खुणांतले अंतर म्हणजे खेळ, अधिक आपल्या डोळ्याची चूक. चार-पाचदा केले की चुकीचा अंदाज येतो.

दुकानात आपण रिंग फिरवून "काय मऊ चालते!" म्हणतो, तो मऊपणा बराचसा ग्रीसचा असतो. दोन नळ्यांमधल्या फटीत ग्रीसचा पातळ थर असतो. फट दुप्पट झाली तर त्याचा विरोध निम्मा होतो. ओबडधोबड काम केलेल्या, मोठ्या फटीच्या नळ्यांत जाड ग्रीस भरले की तेही हाताला छान लागते. हे झाकलेले वैगुण्य उन्हाळ्यात उघडे पडते, कारण तापमान वाढले की ग्रीस पातळ होते. ग्रीस म्हणजे तरी काय? लिथियमसारख्या धातूच्या साबणाच्या जाळीत स्पंजासारखे धरून ठेवलेले तेल. मे महिन्यात बंद मोटारीत लेन्स ठेवली तर तेल जाळीतून सुटते आणि छिद्र लहान-मोठे करणाऱ्या पात्यांपर्यंत पोचते. पाती एकमेकांना चिकटतात, ओल्या काचपट्ट्या चिकटतात तशाच. आणि मागे उरलेल्या कोरड्या ग्रीसमुळे रिंग जड होते.

धातूऐवजी प्लॅस्टिक वापरले म्हणून नाके मुरडण्याचे कारण नाही. नुसते पॉलिकार्बोनेट ॲल्युमिनिअमच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. पण त्यात काचतंतू मिसळले की हे प्रमाण ॲल्युमिनिअमच्या जवळ आणता येते. जुन्या लेन्समध्ये पितळ आणि ॲल्युमिनिअमची जोडी असे, ती वेगळ्या कारणासाठी. ॲल्युमिनिअमवर ॲल्युमिनिअम घासले की ते ओरखडून एकमेकांत अडकते.

रिंगवरचे रबर सैल होऊन फिरू लागते, ही आणखी एक नेहमीची तक्रार. रबर तेलकट द्रव शोषून फुगते. हाताचे तेल, क्रीम, डास पळवणारे मलम वर्षानुवर्षे लागत असते. वर्गात हे दाखवायचे असेल तर रबरबँडची लांबी मोजून तो रात्रभर टर्पेंटाइनमध्ये बुडवून ठेवा (बाटली झाकून, ज्योतीपासून दूर) आणि सकाळी पुन्हा मोजा. मुले चकित होतात.

अलीकडच्या अनेक लेन्समध्ये फोकसची रिंग भिंगाला जोडलेलीच नसते. ती किती फिरली हे संवेदक मोजतो आणि मोटार भिंग हलवते. तिथे बोटांना जाणवणारा विरोध केवळ आपल्या समाधानासाठी ठेवलेला असतो.

आमच्या मातीसाठी आम्ही अखेर एक रुंद रबरबँड घेतला आणि रिंग व नळी यांच्या सांध्यावर ताणून बसवला. घसरण थांबली. माती पहिल्या मिनिटापासून आकसू लागली. आधीच्या अकरा नमुन्यांपैकी सात नमुन्यांत थाळीची कड छायाचित्रात आली होती, ते दुरुस्त करता आले. उरलेले चार टाकून द्यावे लागले.