नादाचा नाद

'नाद' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक म्हणजे कानाला गोड लागणारा ध्वनी आणि दुसरा म्हणजे माणसाला जडलेले वेड. घरी बसून संगीत ऐकण्यासाठी लक्षावधी रुपयांची ध्वनियंत्रणा उभारणाऱ्या मंडळींच्या ठायी हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. खोलीच्या मध्यावर एकच खुर्ची, समोर माणसाच्या उंचीचे दोन ध्वनिक्षेपक आणि डोळे मिटून बसलेला गृहस्थ, असे दृश्य प्रथमच पाहणाऱ्याला काहीसे विचित्र वाटते. परंतु चांगली यंत्रणा नीट मांडलेली असेल, तर गायक दोन पेट्यांच्या बरोबर मध्ये बसला आहे, तबला त्याच्या उजवीकडे हातभर मागे आहे, असा स्पष्ट भास होतो. त्या भासासाठीच हा सारा खटाटोप असतो.

रायपूरला ऐकणाऱ्या कानांची वाण कधीच नव्हती. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या प्रदेशात मराठी कुटुंबे येऊन राहिली. येथील महाराष्ट्र मंडळ १९३५ पासूनचे आहे. १९५६ मध्ये खैरागढ येथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले आणि पंडित श्रीकृष्ण रातंजनकर यांच्यासारख्या आचार्यांनी त्याचे कुलगुरुपद भूषविले. रायपूरला आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले. त्या काळचा रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चाले आणि बटण फिरवल्यावर तो 'तापेपर्यंत' थांबावे लागे. गंमत अशी, की ज्या व्हॉल्व्हना आपण जुनाट म्हणून भंगारात काढले, तेच आज अत्यंत महाग ध्वनिवर्धकांत मानाने विराजमान झालेले दिसतात.

यामागे केवळ गतकाळाचे प्रेम नाही. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा '३०० बी' हा १९३० च्या दशकातील व्हॉल्व्ह एकटा जेमतेम आठ वॅट शक्ती देतो. पण मानवी आवाज फार जिवंतपणे उभा करतो, असे त्याचे चाहते सांगतात. आठ वॅटमध्ये भागवायचे तर ध्वनिक्षेपक मात्र अतिसंवेदनशील हवेत. म्हणूनच अशा घरांत चित्रपटगृहात शोभतील असे मोठाले कर्णे दिसतात. साध्या पेटीपेक्षा असा कर्णा १३ डेसिबलने अधिक कार्यक्षम असेल, तर तेवढ्याच आवाजाला वीसपट कमी शक्ती पुरते. एक अडचण मात्र आहे. हे ध्वनिवर्धक गाणे चालू असो वा नसो, सतत उष्णता ओकत असतात. लंडनच्या हिवाळ्यात ही ऊब सुखद असेल. रायपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना, तिचे कौतुक करणारा रसिक विरळाच.

दुसरा प्रकार स्थिरविद्युत ध्वनिक्षेपकांचा. यात कागदी शंकू नसतो. काही सहस्रांश मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा दोन सच्छिद्र पत्र्यांमध्ये ताणून त्यावर हजारो व्होल्टचा भार ठेवतात. संगीताचा विद्युत्संकेत पत्र्यांना दिला की पडदा त्यानुसार कंप पावतो. पडदा जवळजवळ वजनरहित असल्यामुळे तो क्षणात हलतो आणि क्षणात थांबतो. सतारीचा आघात किंवा तंबोऱ्याची जवार यातून जशी उमटते, तशी क्वचितच अन्यत्र ऐकू येते. इंग्लंडच्या पीटर वॉकर यांनी १९५७ मध्ये क्वाड कंपनीतर्फे असा ध्वनिक्षेपक बाजारात आणला आणि तो दंतकथेचा विषय झाला. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे आपल्या पुण्यातही 'केडन्स' या नावाने असे ध्वनिक्षेपक तयार झाले आणि परदेशांतील रसिकांपर्यंत पोहोचले. खर्जाचा स्वर देताना पातळ पडद्याला पुरेशी हवा ढकलता येत नाही. म्हणून त्याच्या जोडीला नेहमीचा शंकू बसवून त्यांनी संकरित रचना केली. दमट हवा आणि धूळ हे अशा पडद्यांचे शत्रू. आपल्याकडील पावसाळ्यात त्यांची निगा राखणे हे व्रतच होय.

किमतीचा विषय काढला, की बँकेतल्या माणसाची लेखणी आपोआप सावध होते. अमेरिकेच्या विल्सन ऑडिओ कंपनीने आपल्या सर्वोच्च ध्वनिक्षेपकांच्या केवळ ७० जोड्या काढण्याचे जाहीर केले. एका जोडीची किंमत होती ६,८५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे साडेचार कोटी रुपये. याहून बोलकी कथा व्हर्जिनियातील केन फ्रिट्झ यांची आहे. या गृहस्थांनी कित्येक दशके खपून, घरच्या माणसांनाही त्या कामाला जुंपून, स्वतःच्या घरात खास श्रवणदालन बांधले आणि दहा-दहा फूट उंचीचे तीन ध्वनिक्षेपक घडविले. एकूण खर्च सुमारे दहा लाख डॉलर सांगितला जातो. २०२२ मध्ये ते निवर्तले. पुढे ती सारी यंत्रणा लिलावात सुट्या भागांत विकली गेली आणि हाती आले १,५६,८०० डॉलर. सहा डॉलर घातले आणि एक परत आला, असा हा हिशेब.

मी हे सारे सांगतो आहे, त्याला निमित्त आहे. रायपूरमधील माझ्या परिचयाच्या एका सेवानिवृत्त गृहस्थांनी मला विचारले, "अहो, आयुष्यभर ट्रान्झिस्टरवर ऐकले. आता मुदत ठेव मोडून एक उत्तम संच घ्यावा म्हणतो. चूक आहे का?" एकदम 'होय' म्हणणे मला जमले नाही. ठेव मोडल्यास व्याजात होणारी घट मी त्यांना सांगितली. पण त्याहून अवघड गोष्ट कानांविषयीची होती. तरुण कान सुमारे २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर ऐकतो. वयाबरोबर वरचा भाग झिजत जातो आणि साठीनंतर बहुतेकांना दहा-बारा हजारांच्या पलीकडचे ऐकू येत नाही. उत्तम यंत्रणा परवडण्याचे वय आणि ती पूर्ण ऐकता येण्याचे वय यांची गाठ क्वचितच पडते, ही या छंदातली बोचणारी बाब. दिलासा इतकाच, की पियानोची शेवटची पट्टीसुद्धा ४,१८६ हर्ट्झची असते. स्वर सारे राहतात, त्यांची वरची झळाळी तेवढी मंदावते.

मी त्यांना खोलीकडेही पाहायला सांगितले. पेट्यांना लाखो रुपये मोजणारे हौशी लोक खोलीला विसरतात. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत साडेतीन मीटर अंतर असेल, तर ४९ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज तेथे अडकून घुमतो. जी लादी आणि ज्या उघड्या भिंती आपल्याला स्वच्छ व थंड वाटतात, त्यांवरून आवाज उसळून पुन्हा कानावर येतो. जाड सतरंजी, पडदे आणि पुस्तकांनी भरलेले कपाट हे अत्यंत स्वस्त आणि अत्यंत परिणामकारक साहित्य. घरातील अर्थिंग सदोष असेल, तर पन्नास हर्ट्झची गुणगुण ऐकू येते आणि ती कोणत्याही महागड्या तारेने जात नाही. तारांविषयी माझे मत स्पष्ट आहे: जाड, शुद्ध तांब्याची तार घ्यावी आणि उरलेले पैसे तबकड्यांवर खर्चावेत.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक होते. केसरबाई केरकरांची १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेली भैरवी असो, वा ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरचे अन्य तीन मिनिटांचे गायन. मूळ मुद्रणात जे नाही ते यंत्रणा निर्माण करू शकत नाही. उलट यंत्रणा जितकी पारदर्शक, तितकी जुन्या तबकडीची खरखर अधिक ठळक. काही रसिकांना ती नकोशी होते, काहींना त्या खरखरीमागे गायिकेचा श्वास सापडतो.

आमच्या स्नेह्यांनी प्रथम श्रवणचाचणी करून घेतली. ठेव मोडली नाही. तिची मुदत संपेपर्यंत थांबले आणि नंतर तिचा एक भाग वापरून मध्यम किमतीचे ध्वनिक्षेपक व एक रेकॉर्ड प्लेअर घेतला. घराच्या विमापत्रात या वस्तूंची स्वतंत्र नोंद होईल, हेही पाहिले. खोलीत सतरंजी आली, भिंतीला कपाट आले. एकच शत्रू उरला होता, तो म्हणजे कूलर. त्याच्या घरघरीपुढे तंबोऱ्याचा षड्ज टिकेना. म्हणून उन्हाळ्यात ते आता पहाटे पाचला उठतात, कूलर व पंखा दोन्ही बंद करतात आणि ऊन चढेपर्यंत ललत, भैरव ऐकत बसतात.