तीन मजली चौकोनी केक: आधार आणि वाहतूक

तीन मजली चौकोनी केक म्हणजे १२, ९ आणि ६ इंच बाजूचे, प्रत्येकी सुमारे ४ इंच उंचीचे तीन वेगळे केक, एकावर एक रचलेले. क्रीम आणि भरणासह खालचा मजला सुमारे ६ किलोचा, मधला साडेतीन किलोचा आणि वरचा दीड किलोचा होतो. म्हणजे सर्वांत खालच्या मजल्यावर ५ किलो भार येतो. स्पंजला हा भार पेलत नाही. तो दबतो, बाजूंना फुगतो आणि क्रीमला तडे जातात. म्हणून या कामाचा पहिला नियम असा की केकचा भार केकवर येऊ द्यायचा नाही. तो आतल्या दांड्यांनी उचलून थेट तळाच्या पाटावर उतरवायचा.

जुन्या इंग्रजी विवाह-केकला ही अडचण कमी होती. तो सुक्या मेव्याचा, घट्ट आणि जड असे. त्यावर बदामाच्या लगद्याचा थर आणि अंड्याचा पांढरा बलक व साखर यांचे कडक आवरण चढवत. १९४७ साली ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ हिच्या विवाहाचा चार मजली केक ९ फूट उंच आणि सुमारे ५०० पौंड वजनाचा होता. आज भंडारा, तुमसर किंवा साकोलीच्या स्वागत समारंभात येणारा केक मऊ स्पंजचा आणि पुष्कळदा अंड्याविना केलेला असतो. अंडे नसलेला स्पंज जास्त भुसभुशीत, त्यामुळे आधाराचे महत्त्व आणखी वाढते.

प्रत्येक मजला त्याच मापाच्या पातळ केक बोर्डवर बांधला जातो. सर्वांत खाली १६ इंचांचा जाड पाट लागतो. प्लायवूड किंवा एमडीएफ असल्यास त्यावर खाद्ययोग्य कागद चढवतात. रचना अशी होते: १२ इंचांच्या मजल्यावर ९ इंचांचा चौकोनी कागद मधोमध ठेवून त्याची कड सुरीच्या टोकाने हलकेच उमटवतात. त्या रेषेच्या एक इंच आत चार कोपऱ्यांत चार आणि मध्याजवळ एक, अशा पाच दांड्या, म्हणजे डॉवेल, रोवायच्या. पहिली दांडी तळाच्या बोर्डापर्यंत सरळ उतरवून केकच्या पृष्ठभागाशी खूण करतात. ती बाहेर काढून कापली की बाकीच्या चार तिच्याच मापाने कापतात. एकही दांडी दोन मिलिमीटरने उंच राहिली तर वरचा मजला त्या बाजूने डोलतो. आखूड राहिली तर तिच्या वाट्याचा भार उरलेल्यांवर पडतो. मधल्या मजल्यावर ६ इंचांच्या केकसाठी चार दांड्या पुरतात.

दांड्यांचे साहित्यही विचाराने निवडावे लागते. पूर्वी मिल्कशेकच्या जाड प्लास्टिक स्ट्रॉ सर्रास वापरल्या जात. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. तिच्यात स्ट्रॉ आणि सजावटीचे थर्माकोलही आहे. कागदी स्ट्रॉ ओलाव्याने मऊ पडते, म्हणून ती चालत नाही. धुऊन कोरडी केलेली, सुमारे १० मिलिमीटर जाडीची लाकडी दांडी हा भरवशाचा पर्याय आहे. कबाबच्या बारीक काड्या एका बाजूला कलतात.

चौकोनी आकाराच्या काही खास गरजा आहेत. सारख्या मापाच्या गोल केकपेक्षा चौकोनीचे क्षेत्रफळ, आणि म्हणून वजनही, सुमारे २७ टक्क्यांनी जास्त असते. १२ इंचांच्या चौकोनाचा कर्ण १७ इंच भरतो. फिरवताना हेच माप दारात आणि गाडीत अडते. वरचा मजला किंचित जरी तिरका बसला, तरी कडा समांतर नसल्याने चूक लगेच दिसते. कोपरा हा सर्वांत नाजूक भाग असल्याने केक नेहमी बाजूंच्या मध्याखाली हात घालून उचलतात. मजले ४५ अंशांत फिरवून ठेवायचे असतील तर मापे बदलावी लागतात: ९ इंचांचा कर्ण १२.७ इंच असल्याने त्याची टोके खालच्या १२ इंचांबाहेर लोंबतात, ८ इंचांचा मजला मात्र बसतो.

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपून तुळशीचे लग्न झाले की मुहूर्त सुरू होतात. थंडीतले केक सहसा त्रास देत नाहीत. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये, पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा होते. लोणी ३२ ते ३५ अंशांत आणि कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळते. म्हणून उन्हाळ्यात बाहेरील आवरणासाठी दोन भाग डार्क चॉकलेट आणि एक भाग क्रीम यांचे घट्ट गनाश लावतात. त्याहून कडक हवे असल्यास चॉकलेटचे प्रमाण वाढवतात. तयार मजले रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले की गनाश दगडासारखे घट्ट होते आणि प्रवासाचे हिसके सोसते.

वाहतुकीत वरचे मजले वेगळ्या खोक्यांत नेणे सर्वांत सुरक्षित. नेहमीच्या ब्रेकलाही केकवर त्याच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के आडवा जोर येतो आणि उंची वाढेल तशी उलटण्याची ओढ वाढते. रचूनच न्यायचा असल्यास टोकदार केलेली एक मधली दांडी सर्व बोर्डांना आधी पाडलेल्या छिद्रांतून तळापर्यंत ठोकतात. गाडीची सीट मागे झुकलेली असते, म्हणून खोके डिकीच्या सपाट तळावर, रबरी जाळीदार चटईवर ठेवतात. सेडानच्या डिकीत एसीची हवा पोचत नाही. ज्या गाडीची मागची जागा आतून मोकळी असते ती बरी. एसी खोके ठेवण्याआधीच सुरू हवा. भंडाऱ्याहून साकोलीला राष्ट्रीय महामार्ग ५३ ने जाताना लांबच लांब सरळ रस्ता मिळतो. तुमसर-पवनीकडे गावागावांतले गतिरोधक मात्र अगदी हळू ओलांडावे लागतात.

लॉनवर पोचताच आधी टेबल तपासायचे. पाणसळ ठेवून पाय सारखे केले की मगच मजले रचतात. डीजेच्या स्पीकरजवळ टेबल थरथरते. तिथे केक ठेवू नये. डेझर्ट कूलरची हवा थंड वाटली तरी ओलसर असते आणि साखरेचे फाँडंट तो ओलावा शोषून चिकट होते, त्यामुळे कूलरचा थेट झोतही टाळावा. सांध्यावर क्रीमच्या कोनाने कड काढली की बोर्ड झाकले जातात. जादा क्रीम, पॅलेट नाइफ आणि दोन-चार दांड्या सोबत असाव्यात.

वाढताना वरून खाली मजले उतरवतात. १ × २ इंचांचे तुकडे काढल्यास १२ इंचांच्या मजल्यातून ७२, ९ इंचांच्यातून सुमारे ४० आणि ६ इंचांच्यातून १८ तुकडे निघतात. पाहुणे जास्त असतील तर त्याच चवीचा सपाट केक मागच्या बाजूला कापून पुरवणी करतात. दांड्यांची संख्या केटररला आधी सांगावी आणि प्रत्येक मजला कापण्यापूर्वी त्या मोजून बाहेर काढाव्यात.