अजिंठा लेणी : निर्मितीचा हेतू आणि खोदकामाची पद्धत

अजिंठा लेणी ही महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, खानदेशाच्या दक्षिण सीमेवरील अजिंठा डोंगररांगेत कोरलेली बौद्ध लेणी होत. वाघूर नदीच्या नालाकृती वळणावरील उभ्या कड्यात लहानमोठी, पूर्ण व अपूर्ण मिळून सुमारे ३० लेणी आहेत. ही नदी पुढे जळगाव जिल्ह्यातून वाहत जाऊन तापीस मिळते. १९८३ साली युनेस्कोने या लेण्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. येथील चित्रांविषयी विपुल लेखन झाले आहे. प्रस्तुत लेखात ही लेणी कोणी, कशासाठी आणि कोणत्या रीतीने खोदली, एवढ्याच प्रश्नांचा विचार केला आहे.

कालखंड

लेण्यांना दिलेले क्रमांक कड्यावरील जागेनुसार आहेत, काळानुसार नव्हेत. सर्वांत जुनी लेणी (क्र. ९, १०, १२, १३ व १५ अ) इ. स. पूर्व दुसऱ्या ते पहिल्या शतकातील आहेत. त्यानंतर काही शतके काम थांबले. उरलेली बहुतेक लेणी वाकाटक काळातील असून, वत्सगुल्म (आजचे वाशीम) शाखेचा राजा हरिषेण याच्या कारकिर्दीत, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, कामाला सर्वाधिक वेग आला. अमेरिकी संशोधक वॉल्टर स्पिंक यांच्या मते हा दुसरा टप्पा इ. स. ४६२ ते ४८० अशा अवघ्या दोन दशकांत उरकला. इतर काही अभ्यासक तो याहून लांबलेला मानतात.

हेतू

भिक्षूंना पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहावे लागे. या वर्षावासासाठी निवारा हवा, हे पहिले कारण. उत्तरेकडून तापी ओलांडून प्रतिष्ठानकडे (पैठण) जाणारा जुना व्यापारी मार्ग याच परिसरातून घाट चढत असे. त्यामुळे वस्तीपासून दूर असूनही ही जागा दानापासून दूर नव्हती. क्र. १० च्या दर्शनी भागाचे दान वासिष्ठीपुत्र कटहादी याने, तर क्र. १२ चे दान घनामदड नावाच्या व्यापाऱ्याने दिल्याचे ब्राह्मी लेख तेथे आहेत.

परंतु केवळ निवाऱ्यासाठी कोणी कातळ पोखरीत नाही. लाकूड व विटांनी ते काम भागले असते. वाकाटककालीन शिलालेख वाचले म्हणजे खरा हेतू उलगडतो. क्र. १६ हे लेणे हरिषेणाचा सचिव वराहदेव याने आपल्या मातापित्यांच्या पुण्यासाठी करविले. क्र. २६ च्या लेखात बुद्धभद्र हा भिक्षू सांगतो, की मनुष्याची कीर्ती जगात असेपर्यंत त्याला स्वर्गसुख लाभते, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक पर्वतात करावे. हे दान त्याने अश्मक देशाचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ केले.

खानदेशच्या वाचकास अधिक जवळचा आहे तो क्र. १७ चा लेख. वाकाटकांचे मांडलिकत्व स्वीकारलेल्या एका स्थानिक राजघराण्याची वंशावळ त्यात आहे. हे घराणे ऋषिक देशाचे, म्हणजे आजच्या खानदेशाचे, असे वा. वि. मिराशी यांनी मानले. दात्या राजाचे नाव लेखात झिजून गेले आहे. अभ्यासक त्याला उपेंद्रगुप्त म्हणतात. धाकटा भाऊ रविसांब याच्या मृत्यूनंतर जगाची अनित्यता त्याच्या मनावर ठसली व त्याने दानधर्माकडे मन वळविले, असे लेख सांगतो. हे विहारलेणे, जवळचे पाण्याचे टाके आणि पश्चिमेकडील गंधकुटी (क्र. १९) ही त्या राजाची दाने होत.

इजिप्तच्या पिरॅमिडांशी तुलना करावीशी वाटते ती येथे. दोन्हीकडे मृत्यूला उत्तर म्हणून दगड निवडला गेला. भेद असा, की खुफूचा पिरॅमिड राजाच्या देहासाठी होता. अजिंठ्यात देह कोणाचाच नाही, पुण्य मात्र मृताच्या नावे आहे.

खोदकाम

पिरॅमिड हे रचण्याचे काम आहे, लेणे हे काढून टाकण्याचे. खुफूच्या पिरॅमिडात सुमारे २३ लाख दगड रचल्याचा अंदाज आहे. खराब दगड तेथे बदलता येई. लेण्यात एकदा तुटलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. म्हणून कोठे खांब राहणार, कोठे मूर्ती येणार, हे पहिल्या घावाआधीच ठरवावे लागे.

पद्धत कळते ती अपूर्ण लेण्यांवरून. विद्यार्थ्यांनी अजिंठा पाहताना क्र. २४ टाळू नये. मार्गदर्शक बहुधा तेथे थांबत नाहीत. टिकावाने कातळात समांतर बोळ खोदत आत जायचे आणि मग मधल्या भिंती फोडून काढायच्या, खांबांपुरता दगड तेवढा राखायचा, हा क्रम तेथे उघड दिसतो. काम वरून खाली चाले. कड्यात उंचावर असलेल्या क्र. २९ या अपूर्ण चैत्यगृहाचा केवळ वरचा भाग खोदलेला आहे. आधी छत आणि मग जमीन, असा हा घराच्या बांधकामाच्या नेमका उलटा प्रवास. छत घडवताना पाथरवट न फोडलेल्या दगडावरच उभा असे; त्यामुळे परांचीची गरज फारशी पडत नसे. निघालेला दगड समोरच्या दरीत लोटता येई. छिन्नीचे घाव अपूर्ण भिंतींवर आजही दिसतात.

कातळ लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या बेसॉल्टचा आहे. तो टणक असला तरी त्यात भेगा आणि थरांमधील कच्चे पट्टे असतात. क्र. ४ या सर्वांत मोठ्या विहारात अशाच दोषामुळे छताचा थर कोसळला. कारागिरांनी छत अधिक उंच खोदून काम पुढे नेले, तरी ते लेणे पूर्णत्वास गेले नाही.

जुन्या लेण्यांत लाकडी वास्तूची नक्कल आहे. गजपृष्ठाकार छताला दगडी फासळ्या लागत नाहीत. तरी सुताराच्या हाताची सवय पाथरवटाने कातळात उतरवली.

भिंती तयार झाल्यावर माती, वाळू, भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आणि त्यावर चुन्याचा पातळ हात देत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरा हे रंग सहज मिळणारे होते; निळ्यासाठी लागणारा लाजवर्द मात्र अफगाणिस्तानातून येई.

कारागीर

इजिप्तमध्ये वादी अल-जर्फ येथे २०१३ साली सापडलेल्या पपायरसांत मेरेर नावाच्या अधिकाऱ्याची रोजनिशी आहे. आपल्या तुकडीने तुरा येथील चुनखडीचे दगड होडीने गिझाला कसे नेले, याच्या नोंदी तीत आहेत. अजिंठ्याच्या दानलेखांत राजे, मंत्री, व्यापारी आणि भिक्षू येतात, पाथरवट येत नाहीत. प्रस्तुत लेखकास ही या लेण्यांच्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव वाटते.

कामाचा शेवट

हरिषेणानंतर वाकाटक सत्ता लवकरच लयास गेली आणि मोठे आश्रयदाते उरले नाहीत. अनेक लेण्यांत पुढचा भाग सुबक व आतील खोल्या ओबडधोबड, अशी अवस्था त्यामुळेच राहिली. स्पिंक यांच्या मते, यानंतर काही वर्षे भिक्षू व सामान्य उपासक यांनी मूळ आराखड्याचा विचार न करता, भिंतीवर जागा मिळेल तेथे लहान बुद्धमूर्ती कोरून घेतल्या. क्र. २६ मध्ये सुमारे ७ मीटर लांबीच्या महापरिनिर्वाण शिल्पाच्या आसपासही अशा मूर्ती दिसतात.