आरएनए आणि जीवोत्पत्ती

रिबोन्यूक्लिइक अम्ल (आरएनए) हे सर्व सजीव कोशिकांत (पेशींत) आढळणारे बहुवारिक संयुग होय. कोशिकेत आनुवंशिक माहिती डीएनए साठविते आणि रासायनिक विक्रिया मुख्यत्वे एंझाइमे (उत्प्रेरक प्रथिने) घडवून आणतात. परंतु डीएनएच्या निर्मितीस प्रथिने लागतात व प्रथिनांच्या निर्मितीस डीएनएमधील माहिती. मग यांपैकी आधी काय, हा जीवोत्पत्तीविषयीचा मूलभूत प्रश्न होता. काही आरएनए रेणू प्रथिनांविना उत्प्रेरकाचे कार्य करतात, असे टॉमस चेक (१९८२) व सिडनी ऑल्टमन (१९८३) यांच्या संशोधनातून दिसून आले. त्यांना १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. माहिती व उत्प्रेरण ही दोन्ही कामे आरंभी आरएनएच करीत असावे, या कल्पनेला वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९८६ मध्ये ‘आरएनए विश्व’ असे नाव दिले.

संरचना व अस्थैर्य : आरएनएची साखळी न्यूक्लिओटाइडांची बनलेली असते. प्रत्येक न्यूक्लिओटाइडात रिबोज शर्करा, फॉस्फेट गट आणि ॲडेनीन, ग्वानीन, सायटोसीन व युरॅसिल यांपैकी एक क्षारक असतो. रिबोजच्या दुसऱ्या कार्बन अणूवरील हायड्रॉक्सिल गट डीएनएमध्ये नसतो. या गटाचा शेजारच्या फॉस्फेटाशी संयोग होऊन साखळी तुटते. म्हणून आरएनए डीएनएपेक्षा अस्थिर असते. शिवाय दोन न्यूक्लिओटाइडे जोडली जाताना पाण्याचा रेणू बाहेर पडतो. साहजिकच भरपूर पाण्यात साखळी जुळण्यापेक्षा तिचे जलीय विच्छेदन होणे सुलभ असते. सजीवांस पाणी आवश्यक, पण त्यांच्या आद्य रेणूस ते घातक, असा हा पेच आहे.

मृत्तिका व आर्द्र-शुष्क चक्रे : या पेचातून दोन मार्ग सुचविले गेले आहेत. जेम्स फेरिस व सहकाऱ्यांनी आधी रासायनिक रीत्या क्रियाशील केलेल्या न्यूक्लिओटाइडांपासून माँटमोरिलोनाइट या मृद्-खनिजाच्या साहाय्याने आरएनएच्या साखळ्या तयार केल्या (१९९६ मध्ये सु. ५० घटकांपर्यंत). दुसरा मार्ग पाणी आटण्याचा व पुन्हा मिळण्याचा आहे. पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत (आयसर) सुधा राजमणी यांच्या गटाने मेद रेणूंच्या सान्निध्यात अशी चक्रे घडवून आणली. साखळ्या जुळल्या, परंतु अम्लीय व उष्ण परिस्थितीत त्यांतील पुष्कळ क्षारक गळून पडले (२०१५). क्षारक हीच माहितीची अक्षरे असल्याने केवळ साखळी जुळणे पुरेसे नाही, हे यावरून स्पष्ट होते.

बीड जिल्ह्यातील गोदाकाठची काळी जमीन या दोन्ही प्रक्रियांची कल्पना देते. बेसाल्ट खडकाच्या अपक्षयाने बनलेल्या या मृदेत माँटमोरिलोनाइटाच्याच गटातील (स्मेक्टाइट) खनिजे विपुल असतात. पावसाळ्यात त्यांच्या थरांत पाणी शिरून जमीन फुगते व उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. अर्थात, जीवोत्पत्ती येथे झाली असा याचा अर्थ नव्हे. हा बेसाल्ट सु. ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर जीवसृष्टी किमान ३५० कोटी वर्षांपूर्वीची आहे. मात्र थरांत रेणू धरून ठेवण्याचा या खनिजांचा गुणधर्म तेव्हाही हाच होता.

निर्जीव द्रव्यापासून स्वतःची प्रत काढणारे आरएनए आपोआप निर्माण झाल्याचे प्रयोगशाळेत अद्याप दिसून आलेले नाही. त्यामुळे ‘आरएनए विश्व’ हे आजही एक गृहीतकच आहे.