कॉम्प्युटर मध्येच हँग होतोय? फॉरमॅट मारण्याआधी एवढं तपासा

घरातला जुना कॉम्प्युटर. एरवी बरा चालतो, पण मध्येच अडकतो. कधी दिवसातून तीनदा, तर कधी आठवडाभर काहीच नाही. दुकानात नेला की तिथं मात्र शहाण्या बाळासारखा चालतो. मग ठरलेलं उत्तर मिळतं, "फॉरमॅट मारून टाकू."

आता बिघाड विंडोजमध्ये असेल, तर फॉरमॅटने फरक पडेलही. पण तो हार्ड डिस्क, रॅम किंवा पॉवर सप्लायमध्ये असेल, तर चार दिवसांनी पुन्हा तेच. वर लग्नाचे फोटो, पोरांचे व्हिडिओ, कागदपत्रांचे स्कॅन गेले ते वेगळंच.

म्हणून पहिलं काम बॅकअपचं. मध्येच अडकणं हे हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असल्याचं लक्षण असू शकतं. त्यामुळे बाकी काहीही करण्याआधी महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्या.

अडकला की कॅप्स लॉक दाबा

कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, विझतोय? म्हणजे सिस्टीम जिवंत आहे, फक्त कशाची तरी वाट बघतेय. अशा वेळी संशय हार्ड डिस्कवर किंवा कमी पडणाऱ्या रॅमवर घ्यायचा. दिवा ढिम्म हलत नसेल आणि पॉवरचं बटण दाबून धरल्याशिवाय सुटका नसेल, तर खराब रॅम, उष्णता, पॉवर सप्लाय किंवा ड्रायव्हर यांच्याकडे बघा.

हार्ड डिस्क

जुन्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला साधारण ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते. तिच्यावरचा एखादा भाग खराब झाला, की डिस्क तो पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर विंडोज ताटकळत बसतं. तो भाग वाचायची वेळ आली, तरच कॉम्प्युटर अडकतो. म्हणूनच हा त्रास अधूनमधून होतो.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर आधीच उघडून ठेवा. अडकताना डिस्क १०० टक्के दिसतेय, पण डेटाची ये-जा जवळपास शून्य आहे, तर डिस्कवरचा संशय पक्का समजा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत दाखवतं. त्यात इशारा दिसला तर डिस्क बदला, शक्यतो एसएसडी टाका. सगळं ठीक दिसत असेल, तर डिस्कची केबल बदलून बघा. सैल केबलही असाच त्रास देते आणि ती स्वस्तात मिळते.

रॅम

स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवा. अधूनमधून येणारा दोष एका फेरीत सापडेलच असं नाही, त्यामुळे चाचणी दोन-तीनदा करा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकावेळी एकच लावून काही दिवस वापरा. पट्टी काढण्याआधी प्लग मात्र भिंतीतून काढायचा.

उष्णता आणि पॉवर सप्लाय

गेम खेळताना किंवा मे महिन्याच्या दुपारीच त्रास होतो? मग आत धूळ साचली असेल किंवा प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. पॉवर सप्लायचा डबा मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.

एकावेळी एकच बदल

सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. रॅम साफ केली, केबल बदलली, विंडोजही नवीन टाकलं. आता बरं कशानं वाटलं? कळायला मार्ग नाही. म्हणून एक बदल करा आणि पूर्वी ज्या अंतराने अडकायचा, त्यापेक्षा जास्त दिवस थांबा. दरवेळी तारीख, वेळ आणि काय चालू होतं ते लिहून ठेवा. विंडोजमधला 'रिलायबिलिटी मॉनिटर'ही कोणत्या दिवशी काय बिघडलं ते दाखवतो.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. त्यामुळे मोठा खर्च करण्याआधी हेही गणित मांडा.

आणि दुकानात जायची वेळ आलीच, तर नुसतं "हँग होतो" म्हणू नका. कधी होतो, कॅप्स लॉकचा दिवा चालतो का, काय काय तपासून झालंय, हे सांगा. आणि फॉरमॅटला हो म्हणण्याआधी बॅकअप उघडून फोटो खरंच दिसतायत ना, ते बघा.